डोंबिवलीत नवी मैत्रीण

आत्याचं म्हणणं, मैत्रीण शोधायला कोणी घराबाहेर पडत नाही. जिथे रोज जावं लागतं तिथे ती होते. माझं म्हणणं, रोज जावं लागेल अशी जागाच चाळिशीनंतर उरत नाही, तेव्हा शोधावंच लागतं, आणि तेही उघडपणे. आम्ही दोघी जन्माच्या डोंबिवलीकर. ती फोर्टातल्या एका बँकेतून निवृत्त झालेली, उभी हयात लोकलच्या लेडीज डब्यात गेलेली. मी ऐरोलीच्या एका कंपनीत, आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात आणि उरलेले घरून. हा वाद आमच्यात जुना आहे. दोघी भेटलो की कुठून तरी निघतोच. तो लिहून काढावासा वाटला, कारण माझ्या वयाची कितीतरी माणसं याच जागी अडलेली मला दिसतात आणि त्याबद्दल बोलायला संकोचतात.

आत्या : तुला इथे कोणी नाही, हे मला पटतच नाही बघ. शाळा इथली, कॉलेज इथलं. फडके रोडवरून तुझ्याबरोबर चाललं तर चार जण हाक मारतात तुला.

मी : हाक मारतात. “आई कशी आहे?” विचारतात. मी “बरी आहे” म्हणते आणि आम्ही आपापल्या वाटेने जातो. आपल्याच गावात राहण्याची अडचण हीच आहे, आत्या. बाहेरून आलेल्या माणसाला निदान म्हणता येतं, मी नवीन आहे, माझ्या ओळखी नाहीत. त्याला कोणी ना कोणी चहाला बोलावतं, कामाच्या बाईचा नंबर देतं. मी असं म्हणाले तर लोक समजतील, हिचं सगळ्यांशी बिनसलेलं दिसतंय. माझी एक मैत्रीण कॅनडात, एक पुण्यात. तिसरी ठाण्यात आहे, म्हणजे गाडीने अर्ध्या तासाच्या आत, पण आमचं भेटणं फोनवर ठरतं आणि फोनवरच रद्द होतं. माझी माणसं इथेच आहेत असं गावाला वाटतं. ती कधीच निघून गेली, मागे मी राहिले.

आत्या : आणि आम्ही? काका-मामा, चुलत-मावस, एवढा गोतावळा आहे.

मी : आहे, आणि माझे रविवार त्यालाच जातात. बारसं, मुंज, साखरपुडा, कोणाची साठी, कोणाची वास्तुशांत. बंगळुरूला असते तर आहेर पाठवून चाललं असतं. इथे असल्यामुळे जावंच लागतं, आणि मी आवडीने जाते, तक्रार नाही. पण तिथे मी अमक्याची मुलगी आणि तमक्याची सून असते. कसलंही नातं, कसलंही काम नसताना ज्याला माझ्याशी बोलावंसं वाटेल असं एक माणूस मला हवंय.

आत्या : दिवाळीत फडके रोडला जातेस ना?

मी : जाते. नरकचतुर्दशीच्या सकाळी सगळी जुनी शाळा तिथे उभी असते. कोण कुठून आलंय, कोणाचं पोट सुटलंय, कोणाची मुलं दहावीला आहेत, सगळं तासाभरात कळतं. फोटो निघतात. दुपारपर्यंत सगळे आपापल्या घरी आणि आठवड्याने आपापल्या देशात. ती माणसं मला मनापासून आवडतात. पण त्यांना मी सोळाव्या वर्षाची माहीत आहे. मधल्या पंचवीस वर्षांत मी काय वाचलं, कशाला घाबरायला लागले, देवाबद्दल माझं मत कसं बदललं, हे त्यांना सांगायला बसले तर तो तास पुरायचा नाही. आजची मी ज्याला आजपासून कळेन, असं कोणीतरी लागतं माणसाला. जुन्या मैत्रीची जागा घ्यायला नव्हे. ती जागा वेगळीच आहे.

इथे मला थांबून एक सांगायचंय. चाळिशीतल्या मैत्रीचा विषय निघाला की लोक लगेच जुन्या मित्रांना फोन करायचा सल्ला देतात. सल्ला वाईट नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. जुनं नातं उजळणं आणि नवं जोडणं ही कामं निराळी आहेत, आणि दुसरं जास्त कठीण आहे, कारण त्यात नकार येऊ शकतो.

आत्या : आम्हाला असं काही करावं लागलं नाही. नोकरीला लागले तेव्हा डब्यात एकही बाई ओळखीची नव्हती. पहिले काही दिवस उभी. मग एकीने विचारलं, “कुठे उतरता?” म्हटलं, व्हीटी. ती म्हणाली, “मी भायखळ्याला उतरते, माझ्या जागेवर बसा.” दुसऱ्या दिवशी तीच, तिसऱ्या दिवशी तीच. महिन्याभरात मला कळलं की चौथ्या सीटवरची कल्याणची, ती एलआयसीत आहे. खिडकीतली बदलापूरची, ती जीपीओत. कोणी मेथी निवडतेय, कोणी स्वेटर विणतेय, कोणी डोळे मिटून स्तोत्र म्हणतेय. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचो, देवाचा फोटो लावून आरती करायचो, पेढे वाटायचो. चालत्या गाडीत डोहाळजेवणं केलीत आम्ही. हिरव्या बांगड्या भरल्यात, ओटी भरलीय. मी मैत्री करायची म्हणून काही केलं नाही गं. रोज त्याच गाडीला, त्याच डब्यात, त्याच दारातून चढले, एवढंच केलं.

मी : तू जे सांगतेस त्याला आता आकडेही मिळालेत. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, ज्याला आपण निःशंकपणे मित्र म्हणू तिथवर यायला ९० च्या आसपास, आणि अगदी जवळचं माणूस व्हायला २०० हून जास्त.

आत्या : थांब, हिशेब करू. सकाळची गाडी तासाची धर. पाच दिवसांचे पाच, आणि शनिवारी अर्धा दिवस बँक असायची, म्हणजे आठवड्याला सहा. दोनशे तासांना चौतीस आठवडे. जूनमध्ये नोकरीला लागलेली मुलगी गणपती, दसरा, संक्रांत करत फेब्रुवारीपर्यंत आमची झालेली असायची. बरोबर आहे तुझ्या प्राध्यापकांचं. तेवढाच वेळ लागायचा.

मी : आता माझा हिशेब कर. एका नव्या ओळखीच्या बाईला मी महिन्यातून एकदा दोन तास भेटायचं ठरवलं, आणि एकदाही चुकवलं नाही, तर दोनशे तासांना शंभर महिने. आठ वर्षांहून जास्त. तेव्हा माझी मुलगी कॉलेज संपवून बाहेर पडलेली असेल. म्हणून तर म्हणते, तुझा उपाय उत्तम आहे, पण तो माझ्या आयुष्यात बसत नाही. माझे ऑफिसचे दिवस बदलतात, गाडी बदलते, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडायची असते. डब्यात सगळ्यांच्या कानात काहीतरी असतं, माझ्याही.

आत्या : ऑफिसात बसतेस ना आठ-आठ तास? ते तास कुठे गेले?

मी : हॉलच्या अभ्यासात तीच गंमत आहे. कामाच्या जागी बरोबर घालवलेले तास फारसे मोजले जात नाहीत. बरोबर जेवणं, भटकणं, काही न करता गप्पा मारणं, हे धरतात. शेजारच्या टेबलवरची मुलगी माझ्याशी रोज बोलते, पण आमचं बोलणं पुढच्या शुक्रवारी काय द्यायचंय याभोवतीच फिरतं. तुझा डबा ना घर होता, ना ऑफिस. तिथे तुझ्याकडून कोणाला काही नको होतं.

आत्या : जागा सोडून.

मी : जागा सोडून. आणि अजून एक आहे. त्या अभ्यासातली मोठी माणसं नुकतीच नव्या ठिकाणी राहायला गेलेली होती. त्यांना मित्र हवेत हे त्यांनाही माहीत होतं आणि आजूबाजूच्यांनाही. आपल्याच शहरात वाढलेल्या माणसाचा हिशेब त्याहून अवघड असणार, असं मला वाटतं. त्याच्या वाट्याचे मोकळे तास आधीच वाटले गेलेले असतात.

हे बोलून मी गप्प बसले, तेव्हा आत्यानेच विषय आमच्या बिल्डिंगकडे वळवला. आमची सोसायटी तळमजला आणि वर तीन मजल्यांची आहे, लिफ्ट नाही. आता ती पाडून तिथे टॉवर उभा राहायचाय. सगळ्यांनी दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत जायचं, भाडं बिल्डर देणार. एकाच जिन्यात वर्षानुवर्षं राहिलेली बिऱ्हाडं पांगणार.

आत्या : तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा खालच्या वहिनींशी तिची पहिली ओळख जिन्यात झाली. भाजीची पिशवी घेऊन दोघी पहिल्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबायच्या.

मी : लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५० साली नेमकं हेच दाखवलंय. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांची वसाहत होती. कोणाची कोणाशी मैत्री झाली हे त्यांनी घरोघर विचारलं. स्वभाव, आवडी यांच्या आधी दारं किती जवळ आहेत यावर मैत्री ठरत होती. शेजारच्या दाराशी सर्वांत जास्त. आणि जिन्याच्या पायथ्याशी किंवा टपालपेट्यांजवळ ज्यांचं घर, त्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी. येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जायचा म्हणून.

आत्या : मग लिफ्ट आली की संपलंच.

मी : लिफ्टमध्ये माणूस मोबाइलकडे बघतो. पार्किंगमधून थेट वर, वरून थेट खाली. नव्या संकुलांमध्ये क्लबहाउस असतं, बाग असते, बाकं असतात, पण बाकावर बसायला कारण लागतं आणि जिन्यावरून जायला लागत नव्हतं. घर बांधणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा असं मला फार वाटतं. आपण चटई क्षेत्र मोजतो, पार्किंग मोजतो. दोन शेजारणी सहज समोरासमोर येतील अशी जागा नकाशात किती, हे कोणी विचारत नाही.

आत्या : म्हणजे तू माझंच म्हणणं सांगतेयस. रोज दिसलं की होतं.

मी : नाही, इथेच मी वेगळी होते. तुझ्या डब्यात दाराजवळ उभ्या असायच्या त्या बायका आठव. हॉस्पिटलात आया म्हणून जाणाऱ्या, केटररकडे पोळ्या लाटायला जाणाऱ्या. तीच गाडी, तोच डबा, तीच वर्षं. दोनशे काय, हजारो तास झाले असतील. त्यांच्यातली एक तरी तुझ्या घरी हळदीकुंकवाला आली?

आत्या : नाही आली. आम्ही बोलावलंच नाही.

मी : आणि सीटवरच्या तुम्ही सगळ्या बँक, एलआयसी, मंत्रालय, पोस्ट. आडनावंही साधारण एकाच वळणाची. नवीन मुलगी तुमच्या धरलेल्या जागेवर बसली तर तिला उठवायचात, हे तूच मला सांगितलंयस. मग नुसता सहवास पुरतो हे खरं कसं? सहवासाने आपल्यासारख्याच माणसांची मैत्री होते. वेगळ्या माणसाशी व्हायची तर कोणीतरी मुद्दाम पाऊल टाकावं लागतं. हळदीकुंकवाचंच घे. डोंबिवलीतल्या बायकांना दुसरीच्या घरी जायला त्याने किती मोठं निमित्त दिलं, मला मान्य आहे. पण शेजारच्या काकूंचे यजमान गेले आणि दुसऱ्या संक्रांतीपासून त्यांचं बोलावणं बंद झालं. ज्या वर्षी त्यांना मैत्रिणींची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वर्षी. आता काही सोसायट्यांमध्ये सगळ्याच जणींना बोलावतात, ते कोणीतरी ठामपणे ठरवल्यामुळे. आपोआप झालं नाही.

आत्या : त्या काकूंच्या बाबतीत तुझं बरोबर आहे. मी त्यांना आमच्या भिशीत घेतलं. भिशीला कुंकू लागत नाही, दोन हजार रुपये लागतात.

भिशीचा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. दहा-बारा जणींनी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी निघेल तिने ती उचलायची, आणि तिच्याकडे सगळ्यांनी जमायचं. लोक तिला किरकोळ बचत म्हणतात, किंवा बायकांचा खाण्यापिण्याचा कार्यक्रम. प्रत्यक्षात गळती न लागू देणारी इतकी पक्की रचना मी दुसरी पाहिलेली नाही. पैसे अडकलेले असतात, म्हणून वर्षभर कोणी निसटत नाही. घरी सांगताना “गप्पा मारायला जाते” म्हणावं लागत नाही, “भिशी आहे” म्हटलं की पुरतं. पाळी फिरती असते, म्हणून प्रत्येकीच्या घराचं दार प्रत्येकीला उघडतं. ज्या समाजात बाईने स्वतःच्या आनंदासाठी काढलेल्या दोन तासांचा जाब विचारला जातो, तिथे ही युक्ती कोणा बायकांनी शोधून काढली असेल त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तीन तासांची भिशी धरली तर वर्षाचे छत्तीस तास होतात. दोनशेला साडेपाच वर्षं लागतात, पण मधेच तुटायची भीती कमी.

पुरुषांकडे अशी काही रचना नाही. माझा भाऊ बेचाळिशीचा. आमच्या वडिलांच्या पिढीला निदान जेन्ट्स डब्यातलं भजन आणि पत्त्यांचा डाव होता. लोकल २२ मार्च २०२० च्या रात्री बंद झाली आणि लसीचे दोन डोस घेतलेल्या सर्वांसाठी सुरू झाली ती थेट १५ ऑगस्ट २०२१ ला. दरम्यान कितीतरी गाडीचे ग्रुप मोडले. पुढे ऑफिसच्या वेळाच विस्कटल्या आणि ते पुन्हा जुळले नाहीत. भाऊ आता रविवारी रात्री टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतो. टर्फचं भाडं सगळ्यांनी मिळून भरलेलं असतं, त्यामुळे एक जण कमी पडला तर बाकीचे फोन करकरून त्याला आणतात. तिथल्या एकाच्या घटस्फोटाची गोष्ट भावाला एका रात्री खेळ संपल्यावर पार्किंगमध्ये कळली. पुरुष असं बोलतात, ते बहुतेक वेळा निघता निघता, गाडीची किल्ली हातात असताना. पण बोलतात, आणि त्यासाठी आधी पुष्कळ रविवार खेळावं लागतं.

आत्या : तू ट्रेकला गेली होतीस ना, नवीन लोकांबरोबर? तिथे नाही का झाली कोणी?

मी : तो दिवस फार सुंदर गेला. एकीबरोबर मी चढताना दोन तास बोलले, इतकं मनातलं की माझं मलाच नवल वाटलं. रात्री व्हॉट्सअॅपवर दीडशे फोटो आले. पुढच्या ट्रेकला माणसं वेगळी, ती नव्हती. दर वेळी नवीन माणसांशी पहिल्यापासून सुरुवात. मला ओळखी मिळाल्या, त्याच माणसाची दुसरी भेट मिळाली नाही.

आत्या : हेच मी स्वागतयात्रेबद्दल सांगत असते. पाडव्याची स्वागतयात्रा आपल्या डोंबिवलीत १९९९ ला सुरू झाली. नऊवारी नेसून त्या सकाळी मिरवणुकीत चाललीस तर हजारो माणसं दिसतील. तयारीच्या बैठकांना जा. कोणी चित्ररथाचा कागद कापतंय, कोणी लेझीमच्या मुलांना केळी वाटतंय, कोणी परवानगीच्या कागदासाठी खेटे घालतंय. तीच पंधरा माणसं दीड-दोन महिने. त्यात भांडणंही होतात. भांडण होऊन पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी बसलं की माणूस कळतो.

मी : हे मला पूर्ण पटतं. कार्यक्रमाला जाऊ नये, तयारीला जावं. पण आत्या, तयारी संपते. पाडवा होऊन जातो. मग? तुझा ग्रुप निवृत्तीनंतर किती टिकला?

आत्या : बहुतेक सुटला. फोन येतात वाढदिवसाला.

मी : टिकल्या त्या कोण?

आत्या : अंबरनाथची एक, आणि मुलुंडची. … तुला अंबरनाथचीचं सांगते. पाच-सहा वर्षं आम्ही रोज शेजारी बसत होतो, एकमेकींच्या सासूच्या तक्रारी पाठ होत्या, पण घर बघितलं नव्हतं. एकदा ती म्हणाली, बदलापूरला एक ब्लॉक बघायचाय, मिस्टर टूरवर आहेत, दिरांना सांगायचं नाहीये. तू येशील? रविवार होता. घरी पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, येते. त्या ब्लॉकच्या भिंतीला ओल होती, स्वयंपाकघर अंधारं. मी तिला स्पष्ट सांगितलं, घेऊ नकोस. आम्ही स्टेशनवर वडापाव खाल्ला, गाडीची वाट बघत तासभर बसलो. तेव्हा पहिल्यांदा तिने सांगितलं की तिला वेगळं का राहायचंय. त्या दिवसानंतर ती माझी मैत्रीण. त्याआधी गाडीतली होती.

मी : बघ! म्हणजे तिने विचारलं. पाच-सहा वर्षांच्या सहवासानंतरही कोणीतरी विचारावंच लागलं.

आत्या : विचारलं, पण चहाला ये म्हणून नाही विचारलं. तिला माझी गरज होती.

हा फरक माझ्या डोक्यात आधी आला नव्हता. मी आजवर नव्या ओळखीच्या माणसांना बोलावत आले, काही देऊ करत आले. चहा, नाटकाचं जादा तिकीट, पुस्तक. बोलावणं घेणाऱ्याला ते फेडायची चिंता लागते. आमच्या मध्यमवर्गात तर फार लागते. मदत मागितली की उलट होतं. समोरच्याला कळतं की या माणसाने आपल्यावर भरवसा टाकला, आणि नाही म्हणायलाही वाट असते. आत्या आयुष्यभर म्हणत आली की तिने काही केलं नाही. तिच्या मैत्रिणीने केलं होतं, आणि पाहुणे येणार असताना रविवार मोडून आत्यानेही केलं होतं.

मी : आमच्या पोहण्याच्या बॅचला एक जण येते. सकाळची लेडीज बॅच, तीच पाऊण तासाची वेळ, तीच बारा-पंधरा जणी. म्हणजे तुझी अट पुरी होते. ती जळगावची आहे, लग्न होऊन इथे आली, बरीच वर्षं झाली, तरी अजून “तुमचं डोंबिवली” म्हणते. वाचते खूप. परवा शॉवरच्या रांगेत आम्ही वाचत असलेल्या पुस्तकांवर इतक्या बोललो की मागच्या बाईने पुढे सरका म्हणून हाक मारली. मला ती आवडते. तिला मी आवडते की नाही, कळत नाही.

आत्या : आवडत असशील.

मी : त्यावरही अभ्यास आहे. २०१८ सालचाच. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलून उठली की दोघांनाही वाटतं, समोरच्याला मी तितकीशी आवडले नाही. प्रत्यक्षात समोरच्याला आपण समजतो त्याहून जास्त आवडलेलो असतो. हे वाचून मला धीर आला, पण तोंड उघडत नाही. सकाळी सुटलो की ती धावते, मी धावते. दोघींकडे डबे व्हायचे असतात. नाश्त्याला चल म्हणायची सोय नाही.

आत्या : घाई कशाला करतेस? अजून काही महिने जाऊ देत. रोज दिसतेच आहे ना?

मी : नाही थांबणार. आत्या, तुझ्या काळी थांबून चालायचं, कारण सगळ्या जणी निवृत्तीपर्यंत त्याच गाडीला असायच्या. आता बॅच तीन महिन्यांची असते. ती पुढच्या वेळी संध्याकाळची घेईल, नाहीतर तिच्या नवऱ्याची बदली होईल, नाहीतर माझीच जागा बदलेल. मी तिला सरळ सांगणार आहे की मी इथली आहे आणि माझी इथे कोणी मैत्रीण नाही.

आत्या : तसं सांगू नकोस गं. माणूस दचकतं. काही काम सांग तिला.

मी : काम आहे की. ती ठाकुर्लीच्या बाजूला राहते. बिल्डिंग रिकामी करायची तर आम्हाला भाड्याने जागा हवी, आणि त्या बाजूचं मला काही माहीत नाही. इतकी वर्षं इथे राहून तो भाग मी फक्त गाडीतून बघितलाय. तिला म्हणते, दोन-तीन जागा बघायच्यात, बरोबर येता का? आणि दुसरंही सांगणारच. कोणी तरी आधी सांगायला हवंच ना?

आत्या : जागेचं शनिवारी विचार, मुलांना सुट्टी असते. दुपारची वेळ ठरव. सकाळी सगळेच ब्लॉक उजेडाचे वाटतात. आणि एजंटला आधी सोडा, मग दोघीच जिना उतरून खाली पाण्याच्या टाकीपर्यंत चक्कर मारा. बोलणं तेव्हा होईल.

मी : ती नाही म्हणाली तर?

आत्या : तर सोमवारी पोहायला जायचंच आहे तुला. ती तिथे असेल.